अकराचं ऊन

महाडच्या बाजारपेठेत एका फोटोग्राफरचं छोटंसं दुकान होतं. लग्नसराईत मांडव, एरवी पासपोर्टचे फोटो, आणि त्यातून सवड मिळाली की डोंगर. पोलादपूरच्या पुढे सावित्रीच्या खोऱ्यात, एका वाडीच्या समोरच्या दांडावर त्याने एक कातळ हेरून ठेवला होता. त्यावर ट्रायपॉड उभा केला की पूर्वेला महाबळेश्वरची सगळी भिंत दिसे. वर मढीमहालाचे, म्हणजे पर्यटक ज्याला आर्थर सीट म्हणतात तिथले कडे, खाली रानाचा पट्टा, त्याखाली गवताचा मोठा उतार आणि उताराच्या पायथ्याशी वाडीची कौलं.

घाटमाथ्यावरच्या माणसाला सूर्य वेळेवर भेटतो, कोकणातल्या माणसाला उशिरा. भिंतीच्या पलीकडे दिवस केव्हाच उजाडलेला असतो, तरी अलीकडे कडे काळेच दिसतात. मग ऊन माथ्यावरून डोकावतं आणि सावली वाडीवरून हळूहळू मागे हटत कड्याच्या पायाशी जाते. कड्यांची तोंडं पश्चिमेला असल्यामुळे त्यांचा खरा साज संध्याकाळचा. सूर्य बाणकोटच्या बाजूला कलला की सगळी भिंत तांबूस होते, गवत सोन्यासारखं दिसतं. फोटोग्राफर त्या घटकेसाठी दुपारपासून कातळावर बसे. कष्टाला तो मागे हटणारा नव्हता, हे आधीच सांगायला हवं. आषाढात आठ-आठ दिवस ढगाशिवाय काही दिसत नाही, तरी तो लेन्स पुसत थांबे. भाद्रपदात सोनकीने उतार पिवळा झाला की पहिला फोटो त्याचाच असे. मार्गशीर्षात खोऱ्यात धुकं साचतं तेव्हाही तो हजर, आणि शिशिरात सावर-पांगारा लाल झाला की तेव्हाही.

फक्त वैशाखाशी त्याचं जमत नसे. वणव्यांनी जळालेलं गवत, हवेत धूर, पांढरट आभाळ. अशा दिवसांत डोंगराकडे कॅमेरा रोखायचाच कशाला, असं त्याला वाटे. तरी वैशाखात तो वाडीत यायचाच, कारण मुंबईचे चाकरमानी गावी येतात आणि लग्नं तेव्हाच लागतात. मुहूर्ताला अवकाश असला की दहा-अकराच्या सुमारास तो कातळावर चढे आणि ठरलेल्या जागेवरून, त्याच लेन्सने एक फोटो काढून ठेवी. पुढच्या खेपेला चौकट जुळवता यावी, एवढाच त्याचा उपयोग.

एका वर्षी त्याने बारा महिन्यांचं कॅलेंडर छापलं आणि पौषात ते घेऊन वाडीत गेला. घरोघरी कौतुक झालं. आपलाच डोंगर इतका देखणा आहे हे पाहून पोरं हरखली. एका ओटीवर एक आजी पानं उलटत बसली होती. तिचा सगळा जन्म त्या उतारावर शेळ्या राखण्यात गेलेला. मे महिन्याच्या पानाशी ती थांबली. तिथे संध्याकाळच्या उन्हातला हिरवागार उतार होता.

"बाला, मे म्हैन्यात आमचा डोंगर असा असतो व्हय?"

"नाही आजी. हा गणपतीतला आहे. मेचा चांगला मिळत नाही."

"चांगला नको. मेचा दाखव."

लॅपटॉप सोबत होताच. त्याने लागोपाठच्या दोन वैशाखांतले अकराच्या उन्हाचे फोटो शेजारी शेजारी लावले. करडा, काळपट, उघडा उतार. आजीने चष्मा कपाळावर सरकवला आणि तोंड पडद्याजवळ नेलं. मग नखाने एक जागा दाखवली.

"ही रेघ कसली?"

त्याने फोटो मोठा केला. वाडीच्या बराच वर, एका सावरीच्या बुंध्याखालून निघून आडवी गेलेली काळी रेघ. आधीच्या वर्षीच्या फोटोत ती सावरीपाशीच संपत होती. नंतरच्या फोटोत ती दोन ओघळ ओलांडून पुढे गेली होती आणि सावर दरीकडे कलली होती.

"तिथं माझ्या शेळीनं पाय मोडून घेतला," आजी म्हणाली. "हातभर पायरी पडलीय. मला वाटलं, तेवढीच हाय."

पायाखालची हातभर पायरी तिला ठाऊक होती. तिची लांबी समोरच्या दांडावरूनच दिसणार होती, आणि तीही फक्त त्या घटकेला. संध्याकाळचं ऊन उताराच्या तोंडावर सरळ पडतं, खाचखळगे बुजवून टाकतं आणि सगळं गुळगुळीत, सोनेरी करतं. पावसानंतर गवत कमरेएवढं वाढतं, मग भेग दिसायची कुठून? अकराचं वैशाखी ऊन मात्र डोंगराच्या पाठीमागून, माथ्यावरून खाली घसरत येतं. वाटेतल्या प्रत्येक पायरीखाली ते सावलीची एक रेघ ओढून जातं, आणि वणव्याने गवत जाळलेलं असल्यामुळे ती झाकायला काही उरत नाही. फोटोग्राफीच्या शिकवणीत ज्या उन्हाला वाईट म्हणतात, ते या उतारापुरतं सगळ्यांत खरं बोलणारं ऊन होतं.

त्या भागात दरडीचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. 22 जुलै 2021ला महाबळेश्वरला चोवीस तासांत 590 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीतही दरडींनी माणसं नेली, आणि खाली महाड सावित्रीच्या पुरात बुडालं. सह्याद्रीचा कातळ लाव्हाच्या थरांचा. त्यावर युगानुयुगं झिजून झालेली माती बसलेली असते. भेगेतून शिरलेलं पाणी कातळापर्यंत पोचलं की ओल लागलेला गिलावा भिंतीपासून सुटावा तशी ती माती सुटते. म्हणून भेग पाऊस येण्याआधी सापडायला हवी. पाऊस सुरू झाल्यावर ती सापडून काही हाती लागत नाही.

दुसऱ्या दिवशी वाडीतली चार पोरं आजीच्या मागोमाग उतारावर गेली. भेगेच्या दोन्ही अंगांना त्यांनी खुंट्या ठोकल्या आणि मधलं अंतर दोरीला गाठ मारून मोजलं. मग दोन्ही फोटो छापून गावकरी तहसील कार्यालयात गेले. भूवैज्ञानिक येऊन उतार पाहून गेले. पावसाळ्यात खालच्या शाळेत मुक्काम हलवायचा, असं ठरलं.

ठरवणं सोपं होतं. गुरं कुठे बांधायची, नाचणीची रोपं कुणी राखायची, चुली किती मांडायच्या, यावर रात्र रात्र भांडणं झाली. काहींनी फोटोग्राफरलाच दोष दिला. इतकी वर्षं डोंगर नीट होता, याने फोटो काढला आणि घर सोडायची पाळी आली, असं एक जण तोंडावर म्हणाला. फोटोग्राफरने उत्तर दिलं नाही. आजीने दिलं. "डोंगर बरा दिसंल तवाच बघायचा, असं पाव्हण्याला चालतं," ती म्हणाली. "आपण पाव्हणे न्हाय." आणि मृगाच्या पहिल्या सरीला तिने स्वतःच्या शेळ्या पुढे घातल्या.

त्या वर्षी डोंगर आला नाही. त्यानंतरही अजून आलेला नाही. "बघा, उगाच गेलो," असं म्हणणारी माणसं वाडीत आजही आहेत, आणि पाऊस धरला की तीही वळकटी उचलतात. मला या गोष्टीत हेच मोलाचं वाटतं. संकट येऊन गेल्यावर शहाणं होणारं गाव कुठेही सापडेल, पण न आलेल्या दरडीसाठी दर वर्षी चूल हलवायला वेगळी छाती लागते. दोन खुंट्यांमधली दोरी दर वैशाखात थोडी लांब करावी लागते, एवढा पुरावा त्यांना पुरतो.

फोटोग्राफर अजूनही संध्याकाळच्या उन्हासाठी कातळावर बसतो आणि त्या फोटोंवर त्याचा जीव आहे. पुढच्या कॅलेंडरात मात्र मे महिन्याच्या पानावर त्याने तोच करडा, उघडा उतार छापला. महाडातल्या गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. वाडीत ते कॅलेंडर एकही उरलं नाही.

गेल्या वैशाखात वाडीत लग्न होतं. नवरीला हळद लागली होती, पाहुणे फोटोसाठी ताटकळले होते, वरमाय घाई करत होती. फोटोग्राफर मांडवात दिवे लावायला लागला तेव्हा नवरीचा बापच त्याच्याजवळ आला आणि समोरच्या दांडाकडे बोट दाखवून म्हणाला, "आधी तिकडचा काढून या. ऊन सरकंल. मुहूर्त साडेबाराचा हाय."