पडद्यावरचा कसबा आणि साक्षीदाराची जबाबदारी

संगणकावर शहर वसवण्याचे खेळ आता काही नवे राहिलेले नाहीत. विल राइट यांचा 'सिमसिटी' १९८९ मध्ये आला. रस्ते आखायचे, वीज-पाणी आणायचे, कर बसवायचा आणि वस्ती वाढताना पाहायची, असा तो खेळ. २००३ मध्ये 'सिमसिटी ४' आला आणि पुढच्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या इमारती तयार करण्याचे साधन मिळाले. फिनलंडमध्ये तयार झालेल्या 'सिटीज : स्कायलाइन्स'ने २०१५ मध्ये ही सोय पहिल्या दिवसापासून दिली. तेव्हापासून जगभरचे हौशी लोक आपापल्या इमारती बनवून खेळात घालत आले आहेत.

बहुतेकांना गगनचुंबी इमारतींचे वेड असते. पण त्यांच्यात एक वेगळी मंडळीही आहे. ती बनवते आपल्या लहानशा गावातल्या खऱ्याखुऱ्या वास्तू : टपाल कचेरी, रेल्वेचे ठाणे, धान्याचे दुकान, एकपडदा सिनेमागृह, प्रार्थनास्थळ. फोटो काढायचे, पावलांनी मापे घ्यायची, विटेचा रंग जुळवायचा, संध्याकाळी कोणत्या खिडकीत दिवा लागतो तेही दाखवायचे. एकेका इमारतीला आठवडे जातात आणि शेवटी ती सगळ्यांना फुकट वाटली जाते. मग जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला कोणी खेळाडू ती आपल्या कल्पनेतल्या शहरात एखाद्या चौकात मांडतो.

याकडे पोरखेळ म्हणून पाहणे सोपे आहे. मला मात्र त्यात एक नैतिक प्रश्न दिसतो. जी वास्तू खरोखर उभी आहे, जिथे माणसे राहतात, व्यापार करतात, नमाज पढतात, तिची प्रतिकृती करणाऱ्यावर कसले ऋण येते का? आणि येत असेल तर ते कोणाचे?

आपल्या वाचकांच्या मनात आधी तसवीरीचा प्रश्न येईल, म्हणून तो लगेच बाजूला करतो. सजीवांची चित्रे काढण्याबद्दल आपल्या परंपरेत कडक इशारे आहेत आणि त्यांचा अर्थ लावण्यात मतभेदही आहेत. पण हजरत इब्ने अब्बास यांनी एका चित्रकाराला झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याचा सल्ला दिल्याची रिवायत 'बुखारी'त आहे. वास्तूची प्रतिकृती या सवलतीत बसते. पण एखादी गोष्ट जायज ठरली म्हणजे प्रश्न संपत नाही. ती कशी करावी, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो. आणि इमारत निर्जीव असली, तरी तिच्यात वावरणारी माणसे निर्जीव नसतात.

मला वाटते, अशी प्रतिकृती म्हणजे एक प्रकारची शहादत, म्हणजे साक्ष आहे. 'अमुक गावात अमुक इमारत अशी आहे' असे विधान करणारा तो साक्षीदार असतो. साक्षीबद्दल सूरह निसाच्या १३५ व्या आयतीतला आदेश आपल्याला ठाऊक आहे : न्यायासाठी खंबीर उभे राहा, साक्ष स्वतःच्या किंवा आईबापांच्या विरुद्ध गेली तरी. साक्षीत भर घालणे गुन्हा आहे आणि लपवणे हाही गुन्हा आहे.

मोठ्या इमारतींच्या बाबतीत या साक्षीचे ओझे हलके असते. पॅरिसचे नोत्र दाम १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले, तेव्हा २०१४ च्या 'असॅसिन्स क्रीड युनिटी' या खेळात ते बारकाईने उभारलेले असल्याची आठवण अनेकांना झाली. तो खेळ फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातला, पण त्यात एकोणिसाव्या शतकात बसवलेला उंच सुळका दाखवलेला होता. लोकांच्या मनातले नोत्र दाम सुळक्यासह होते, म्हणून करणाऱ्यांनी तो ठेवला. याने काही बिघडले नाही. कारण नोत्र दामचे आराखडे होते, असंख्य छायाचित्रे होती, अँड्र्यू टॅलन यांनी लेझर यंत्राने घेतलेली मापे होती. एक साक्षीदार चुकला, तर शंभर दुरुस्त करणारे उभे होते.

लहान गावातल्या वखारीला किंवा मोहल्ल्यातल्या मशिदीला असे शंभर साक्षीदार नसतात. नगरपालिकेच्या दप्तरात तिचा नकाशा असेलच असे नाही. घरच्या लग्नाच्या फोटोत ती मागे अर्धवट आलेली असते. ती उद्या पडली, तर तिची चारी बाजूंनी मापे घेतलेला माणूस कदाचित एकच असेल, तो खेळासाठी प्रतिकृती करणारा पोरगा. साक्षीदार जितके कमी, तितकी उरलेल्याची जबाबदारी मोठी.

या साक्षीची पहिली कसोटी म्हणजे इमारतीची मागची बाजू. 'सिमसिटी ४'मध्ये इमारत चार दिशांनी पाहता येते, म्हणून करणाऱ्याला चारही बाजू द्याव्याच लागतात. पण फोटो असतात ते दर्शनी भागाचे. मागे काय आहे ते माहीत नसले, की कोरी भिंत ओढून दिली जाते. आता आपल्या घरांचा विचार करा. मागीलदारी विहीर असते, न्हाणी असते, लाकडे रचलेली असतात आणि घरातल्या बायांचा निम्मा दिवस तिथेच जातो. कोरी भिंत ओढली, की निम्मे घर आणि निम्मी माणसे पुसली जातात. मशिदीचे तर आणखी विशेष. आपल्याकडे मशिदीची मागची भिंत म्हणजे किबल्याची भिंत. मेहराबीचा फुगवटा बाहेरून तिथेच दिसतो. दरवाजा आणि मिनार नक्षीसकट केले आणि ही भिंत सपाट ठेवली, तर जिच्याकडे तोंड करून सारी जमात उभी राहते तीच बाजू खोटी ठरली.

दुसरी कसोटी खेळ स्वतःच घेतो. 'स्कायलाइन्स'मध्ये जमीन आठ मीटरच्या चौकोनांत मोजली जाते आणि इमारतीचे तोंड रस्त्याकडे असते. कसब्यातली मशीद मात्र रस्त्याचे ऐकत नाही. बाहेरची भिंत बोळाबरोबर वळलेली असते आणि आतल्या सफा किबल्याकडे तिरक्या असतात. तो तिरकेपणाच त्या मशिदीचे सत्य आहे. खेळाडू तिला कुठल्याही रस्त्याला, कुठल्याही दिशेने लावू शकतो आणि ते करणाऱ्याच्या हातात नसते. पण भूखंडाच्या आत इमारत तिरकी बसवणे त्याच्या हातात असते. सरळ केली तर ती नीटनेटकी दिसते, पण मग ती त्या गावची मशीद राहत नाही.

याहून अवघड आहे ती वर्गवारी. या खेळांत जमिनीवर रंग मारायचे असतात : हिरवा राहण्यासाठी, निळा व्यापारासाठी, पिवळा उद्योगासाठी. आता मालेगाव किंवा भिवंडीतले एखादे घर घ्या. खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड, रस्त्याकडच्या खोलीत छोटेसे दुकान. याला रंग कोणता? उद्योग म्हटले, तर तिथे राहणारे कुटुंब नाहीसे होते. घर म्हटले, तर ज्याच्यावर ते कुटुंब जगते तो माग नाहीसा होतो. २०२३ च्या 'स्कायलाइन्स २'मध्ये खाली दुकान आणि वर घर अशी मिश्र वस्ती आली खरी, पण मागाला त्यातही जागा नाही. खाली राबायचे आणि वर राहायचे, ही आपल्याकडची पिढ्यान् पिढ्यांची रीत. तिला नाव नसणे हा केवळ खेळाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. माणसाला एकाच खान्यात बसवण्याची सवय नियोजन करणाऱ्या कचेऱ्यांनाही असते आणि समाजालाही असते. प्रतिकृती करणाऱ्याला एक खाना निवडावाच लागतो. पण खाना कोणताही असो, वर वाळत घातलेले कपडे आणि खाली सुताची बंडले दोन्ही दाखवणे त्याला शक्य असते. जे नाव सांगत नाही, ते रूप सांगू शकते.

तिसरी कसोटी काळाची. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात रॉस नावाचे चिमुकले गाव आहे. सीरिया-लेबनानकडून आलेल्या मुस्लिम शेतकऱ्यांनी तिथे १९२९ मध्ये मशीद बांधली. अर्धी जमिनीत असलेली अगदी साधी इमारत. पुढे मुलेबाळे पांगली, मशीद ओस पडली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती पाडण्यात आली. २००५ मध्ये त्याच जागी, कबरस्तानाजवळ, घुमट असलेली एक लहान मशीद स्मारक म्हणून उभी राहिली. आता रॉसची मशीद करायची, तर कोणती? २००५ ची पाहताक्षणी 'मशीद' म्हणून ओळखू येते. १९२९ ची तळघरासारखी दिसणारी. पण गवताळ रानातल्या कडाक्याच्या थंडीत दमलेल्या शेतकऱ्यांनी नमाज पढली ती तिच्यात. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत, फक्त साक्षीदाराने साल सांगितले पाहिजे. पहिल्या इमारतीवर दुसरीचा घुमट चढवला, तर मात्र ती कधीच अस्तित्वात नसलेली मशीद होईल. ओळखू यावे म्हणून घुमट चढवण्याचा मोह साधा नाही. आपण कसे दिसावे याची इतरांची अपेक्षा आपणच पुरी करतो, असा तो मोह आहे.

चौथी कसोटी मळाची. कोणी आपल्या गावाच्या प्रेमापोटी भिंती धुऊन काढतो, विजेच्या तारा, फलक, ओलीचे डाग गायब करतो. कोणी याच्या उलट जातो. त्याला गरिबी 'उठावदार' वाटते, म्हणून प्रत्येक भिंतीला पोपडे, प्रत्येक छपराला गंज. पहिला खुशामत करतो, दुसरा तमाशा मांडतो. मोहल्ला म्हटले की उकिरडा, हे चित्रपटांनी आपल्याला पुष्कळ दाखवले आहे. खरी भिंत या दोहोंच्या मध्ये असते. एका कोपऱ्यात ओल आलेली, पण रमजानच्या आधी चुना दिलेली.

यावर कोणी म्हणेल, 'अहो, खेळ तो! त्यात कल्पनेला मोकळीक नको का?' जरूर हवी. मनातली मशीद बांधा, नसलेला बाजार भरवा, त्याला कोणाची हरकत नाही. पण ज्या क्षणी तुम्ही तिला खऱ्या गावाचे खरे नाव देता, त्या क्षणी कल्पना संपून साक्ष सुरू होते. बदल करायचाच असेल, तर सोबतच्या चार ओळींत तो सांगून टाकावा. तेवढ्याने साक्ष निर्मळ राहते.

एक अदबीची गोष्टही आहे. दुसऱ्याच्या घरात इजाजत घेतल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय जाऊ नये, असे सूरह नूर शिकवते. टपाल कचेरी सगळ्यांची असते, पण शेजाऱ्याचे घर त्याचेच असते. त्याची पाटी, त्याच्या खिडक्या, त्याच्या मागीलदारचे दृश्य जगभर वाटण्याआधी त्याला विचारणे हे सभ्यपण आहे. मी मघाशी मागची बाजू दाखवा म्हटले आणि आता परवानगी घ्या म्हणतो. यात विसंगती नाही. सार्वजनिक वास्तूची पूर्ण साक्ष द्यावी. घराची साक्ष घरवाल्याला मान्य असेल तितकीच द्यावी आणि बाकीचे झाकलेलेच राहू द्यावे.

शेवटी या खेळातल्या एका साधनाविषयी बोललेच पाहिजे. त्याचे नाव बुलडोझर. पहिल्या 'सिमसिटी'पासून ते आहे. बोट दाबले की इमारत जाते. ना नोटीस, ना सुनावणी, ना रस्त्यावर आलेले सामान. आपल्या देशात मागल्या काही वर्षांत हा शब्द ऐकून कोणाच्या छातीत धस्स होते, ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाला स्पष्ट सांगावे लागले, की कोणी आरोपी किंवा गुन्हेगार आहे एवढ्यावरून त्याचे घर पाडता येणार नाही आणि अनधिकृत बांधकाम पाडायचे झाले तरी किमान पंधरा दिवसांची नोटीस दिली पाहिजे. खेळातल्या बुलडोझरचा दोष असा, की तो पाडणे सोपे करून दाखवतो. आठवडेच्या आठवडे घालून एकच घर घडवणाऱ्याला मात्र उलटा धडा मिळतो. एका खिडकीची चौकट जुळवायला किती वेळ लागतो ते त्याला कळते, म्हणून घर पडणे म्हणजे काय तेही त्याला इतरांपेक्षा जास्त कळायला हवे.

'सिमसिटी ४'मध्ये आणखी एक सोय आहे. इमारतीवर 'ऐतिहासिक' अशी खूण केली, की जमिनीचा भाव वाढला तरी तिच्या जागी दुसरी उभी राहत नाही. खऱ्या गावात अशी खूण एका बोटाने होत नाही. त्यासाठी कागद लागतात, अर्ज लागतात, वक्फची नोंद लागते, भांडावे लागते. पडद्यावर जपलेली वास्तू हे जमिनीवरची वास्तू गमावल्याचे समाधान होऊ नये, ही भीती मला खरी वाटते. प्रतिकृती पूर्ण झाली, की 'आता ती सुरक्षित आहे' असे वाटू लागते. सुरक्षित असते ते फक्त तिचे रूप.

म्हणून आपल्या तरुणांनी हा छंद सोडावा असे मी म्हणणार नाही. उलट, तो धरावा. ज्या हाताने मापे घेतली त्याच हाताने ती मापे कागदावर उतरवून मशिदीच्या जमातीकडे, गावच्या वाचनालयात, घरमालकाकडे द्यावीत. इमारत कोणी बांधली, विहीर कोणाच्या नावाने आहे, हे म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. साक्षीदाराचे काम पाहण्याने संपत नाही. वेळ येईल तेव्हा उभे राहून सांगावे लागते, तेव्हाच ती साक्ष होते.