डागडुजी करणाऱ्यांची नावे

शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय 3



नहेम्याचा तिसरा अध्याय आला की आपण बहुधा पाने उलटून पुढे जातो. त्यात चमत्कार नाही, दृष्टान्त नाही. आहे ती नुसती नावांची यादी. अमक्याने तटाचा इतका भाग दुरुस्त केला, त्याच्या शेजारी तमक्याने. परंतु देवाच्या वचनात ही यादी व्यर्थ राखलेली नाही. तीत उज्जियेल सोनार आहे, सुगंधी द्रव्ये करणारा हनन्या आहे, मुलींना बरोबर घेऊन राबणारा शल्लूम आहे. चौदाव्या वचनात रेखाबाचा मुलगा मल्कीया आहे. तो एका प्रांताचा अधिकारी. तरी त्याने उकिरडा वेस बांधली, तिला दारे, कड्या व अडसर बसवले. यरुशलेमेचा तट 52 दिवसांत पुरा झाला, तो अशा हातांनी.

आज आपल्यातील पुष्कळ कुटुंबे फ्लॅटमध्ये राहतात. वीस-चाळीस बिऱ्हाडांच्या त्या इमारतीची डागडुजी कोण करतो? सोसायटीचा मेंटेनन्सवाला. भल्या पहाटे तो पंप सुरू करतो, तेव्हा जमिनीखालच्या टाकीतले पाणी गच्चीवर चढते आणि आपण स्नान करून उपासनेस निघतो. नळाचा झिजलेला वायसर तो बदलतो, जळालेली तार जोडतो, अडकलेला बॉलकॉक सोडवायला भर उन्हात टाकीवर चढतो. त्याचे काम नीट झाले म्हणजे कोणाला दिसत नाही. बिघडले म्हणजेच त्याची आठवण होते. रात्री-अपरात्री आपण त्याला बोलावतो, पण किती जणांना त्याचे नाव ठाऊक आहे?

हे काम करणारा एखादा तरुण आपल्या मंडळीतही असेल. त्याने कलस्सै 3:23 वाचावे. जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हा बोध पौलाने व्यासपीठावरच्या उपदेशकांना नव्हे, तर घरात राबणाऱ्या दासांना केला. कोणी पाहत नसताना घट्ट बसवलेला सांधा प्रभू पाहतो.

आता एक कठोर गोष्ट. चेंबर तुंबले की सोसायटीतले कोणीतरी म्हणते, "दोनशे रुपये जास्त घे, पण उतर." बंधूंनो, मैला कुजून गटारात व सेप्टिक टाकीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो. प्रथम त्याला सडक्या अंड्याचा वास येतो; पण वायूचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वासही कळेनासा होतो. माणूस बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढावयास धावलेला दुसराही तेथेच कोसळतो. सुरक्षेची साधने न देता माणसाला असे उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पण ख्रिस्ती माणसाला कायद्याच्याही आधी शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आहे. सोसायटीच्या सभेत आपण बसतो ना? मग तेथे उठून म्हणावे, "यंत्राची गाडी बोलवा, माझ्या वाट्याचे पैसे मी देतो." तेथे गप्प राहून रविवारी प्रभुभोजनास कसे जावे?

त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात तकोवाच्या सरदारांचीही नोंद आहे. त्यांनी कामाला मान लवविली नाही. त्यांच्याच गावच्या साध्या लोकांनी मात्र आपला भाग पुरा करून आणखी एक भाग दुरुस्त केला. त्या सरदारांची नावेसुद्धा नहेम्याने लिहिली नाहीत.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी या आठवड्यात मुलांना एक काम द्यावे : आपल्या इमारतीत किंवा आळीत पाणी, दिवे व गटार सांभाळणाऱ्यांची नावे विचारून आणावीत. मग वर्गात ती एकेक वाचून त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. ज्या देवाने उकिरडा वेस बांधणाऱ्याचे नाव विसरू दिले नाही, तो यांचीही नावे जाणतो. आपणही ती जाणावीत, म्हणून तो आपणांस कृपा देवो. आमेन.