दानाआधी मालकी

विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्व द्यायचे असते. यज्ञ करणारा राजाच असेल, तर त्याने राज्यातली जमीनही द्यायची का? जैमिनीच्या मीमांसासूत्रांत, सहाव्या अध्यायात, हा पेच आहे आणि उत्तर आहे : नाही. भूमीवर सर्वांचा सारखाच अधिकार. राजा पिके राखतो म्हणून त्याला पिकातला वाटा मिळतो, असे शबरस्वामी भाष्यात सांगतात. जे स्वतःचे नाही, ते देणार कसे?

वर्ध्याजवळच्या पवनारहून निघालेल्या विनोबा भावे यांच्यासमोर हा पेच उलट्या बाजूने आला. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलितांनी 80 एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी 100 एकर देऊ केली. हवा, पाणी, ऊन यांच्यासारखीच जमीनही देवाची, असे विनोबा भूदान मागताना गावोगाव सांगत. मला घरातला सहावा मुलगा समजा आणि सहावा हिस्सा द्या, अशी त्यांची मागणी असे.

पण देवाची जमीन माणूस दान कशी करणार?

कायद्याने याचे रोखठोक उत्तर दिले. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, म्हणून तिथल्या यवतमाळला 1953 चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ कायदा लागू झाला. नावातच यज्ञ, पण व्यवहार महसुली : दात्याचा जमिनीवर हक्क असल्याशिवाय दान टिकणार नव्हते. मालकी सोडायची, तर आधी ती सिद्ध करायची. मिळालेली जमीन वारसाला जाई, पण ती विकायची मोकळीक नव्हती. विनोबांचे तत्त्व कागदावर टिकले ते बहुतांशी या बंधनापुरते.

ज्यांच्याकडे कागदच नव्हता, त्यांचे काय? अमेरिकेत पियांकेशॉ आणि इलिनॉय जमातींकडून 1773 व 1775 मध्ये काहींनी जमीन घेतली होती. घेणाऱ्यांच्या हाती खरेदीखते होती, विकणाऱ्या जमातींकडे मात्र मालकीचा कागद नव्हता. 1823 मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी ती नाकारली. मूळ रहिवाशांना केवळ वहिवाट, त्यांच्याकडून जमीन घेण्याचा हक्क फक्त सरकारला, असे त्यांनी ठरवले. त्यामागे युरोपीय राजांच्या 'शोधा'चा सिद्धांत होता आणि पंधराव्या शतकातल्या पोपच्या फर्मानांनी त्याला धर्माचे बळ दिले होते. व्हॅटिकनने तो सिद्धांत अधिकृतपणे नाकारला 2023 मध्ये.

इकडे यवतमाळ जिल्ह्यातही कागदाविना कसणारे होते. केळापूर, घाटंजी, झरी जामणी या तालुक्यांतल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, पिढ्यान्पिढ्या जंगलातली जमीन कसली गेली. वनखात्याच्या लेखी अशी वहिवाट म्हणजे अतिक्रमण. 2006 च्या वनहक्क कायद्याने तो ऐतिहासिक अन्याय मान्य केला : 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असलेल्या जमिनीचा हक्क, कुटुंबाला जास्तीत जास्त 4 हेक्टर, तोही पती-पत्नीच्या संयुक्त नावे. हा हक्कही वारशाने जातो, पण विकता येत नाही. भूदानाच्या जमिनीशी त्याचे हे साम्य योगायोगाचे नाही. दोन्हीकडे जमीन जगण्यासाठी दिलेली आहे, बाजारासाठी नाही.

पुराव्याची यादी त्याहून बोलकी. सरकारी नकाशे, नोंदी, पावत्या तर चालतातच. पण या कायद्याच्या नियम 13 मध्ये गावातल्या वृद्धांचा लेखी जबाब, जुनी विहीर, दफनभूमी आणि पवित्र स्थळही पुरावा म्हणून मोजले आहे. मार्शल यांच्या न्यायालयात धर्माचे नाव मूळ रहिवाशांचा हक्क काढून घ्यायला वापरले गेले. इथे ग्रामसभेपुढे पोडावरच्या देवाचे ठाणे दावेदाराच्या बाजूने उभे राहू शकते.