शाळेच्या नळाला पाणी येऊ दे

देवा, पाऊस कमी पडला अशी तक्रार घेऊन मी आलेली नाही. आमच्या जव्हार-मोखाड्यावर तू एवढा कोसळतोस, की आठ-आठ दिवस पोरांच्या अंगावरचे कपडे वाळत नाहीत. वारली आयाबाया पावसाच्या नारनदेवाचं नाव घेतात, मी तुला नुसतं देवा म्हणते. ऐकणारा तूच आहेस. पण उन्हाळा लागला, की त्याच पाड्यांवर बायका हंडे-कळश्या घेऊन टँकरची वाट बघत बसतात. इथला कातळ पाणी धरत नाही. उतारावरून ते वैतरणेला मिळतं आणि निघून जातं. तिच्यावरचं मोडकसागर धरण १९५७ पासून मुंबईला पाणी पाजतं. सूर्या नदीचं पाणी वसई-विरारपर्यंत जातं. तिथली लेकरंही तुझीच, त्यांच्या तोंडचा घोट काढून घे असं मी कशी म्हणू? एवढंच मागते, की ज्यांच्या डोंगरावर ते पडलं त्यांच्या शाळेतही थोडं थांबू दे.

संडास बांधून झाले, देवा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं आणि प्यायला शुद्ध पाणी द्यायला सांगितलं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं चित्र आहे, वर काळी टाकी आहे. टाकीत पाणी नाही. कुठे मोटर जळलेली, कुठे वीजबिल थकलेलं, कुठे बोअर मार्चमध्येच आटलेली. मग दाराला कुलूप लागतं आणि आत जुने बाक रचले जातात.

माझ्या वर्गातल्या मोठ्या मुली सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. खिचडी खाऊन झाली तरी नुसते ओठ ओले करतात, कारण प्यायलं तर जायचं कुठे? पाळी आली की चार दिवस बाक रिकामा. पाचव्या दिवशी पोर येते, "बाई, पोटात दुखत होतं," म्हणते आणि मान खाली घालते. मी पुढे विचारत नाही, फळ्यावरचं उतरवून घ्यायला तिला मैत्रिणीची वही देते. देवा, त्या दाराला आतून लागणारी कडी दे. बादलीभर पाणी दे, मग्गा दे, झाकणाचा डबा दे. तुझ्या दारी असल्या वस्तू मागायला मला लाज वाटत नाही.

आणि आमच्याच जिल्ह्यातल्या बोईसर-तारापूरकडे बघ. १९६९ साली देशाची पहिली अणुवीज तिथे तयार झाली. त्याच पट्ट्यात कारखान्यांलगतच्या गावांतल्या विहिरींना रंग चढला, वास लागला. खाडीतली मासळी गेली, म्हणून मांगेला समाजानं हरित लवादाकडे धाव घेतली. उकळून, गाळून, तुरटी फिरवून रसायन जात नाही, हे तिथल्या आयांना ठाऊक आहे. सांडपाण्याच्या नळावर ज्याचा हात आहे, त्याला रात्री कोणी बघत नसतानाही तुझी आठवण राहू दे.

विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकणाऱ्या गावच्या पाणीवाल्याला त्याचं मानधन वेळेवर मिळू दे. हातपंपाचा वायसर बदलायला येणाऱ्या मिस्त्रीला आमच्या पाड्याची वाट सापडू दे. नळयोजनेच्या उद्घाटनाला जेवढी माणसं येतात, त्यातला एक तरी वर्षभरानं तोटी उघडून बघायला पाठव. मोठं मन असलेली माणसं तू आम्हाला पुष्कळ दिलीस. आता दुरुस्तीचा कंटाळा न येणारी दे.

मलावीत, केनियात या घटकेला एखादी पोर पिवळा कॅन डोक्यावर घेऊन शाळेऐवजी पाणवठ्याकडे निघाली असेल. तिचं मागणंही माझ्या मागण्यात धर.

जूनच्या मध्यावर शाळा उघडते. त्याआधी टाकी धुऊन ठेवायचं मी कबूल करते, पोरांचे आईबाप हाताशी येतील. मोटर सुरू करणारा माणूस तेवढा तू धाड.