डिकीचे दोन दांडे



पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी मी ज्या गाडीने जातो, तिच्या डिकीचे झाकण गेले सहा महिने वर राहत नव्हते. उघडले की हळूहळू खाली यायचे, थंडीच्या सकाळी तर लगेचच. उपाय म्हणून मी झाडूची काठी गाडीत ठेवली होती. मागच्या महिन्यात एका आजींना दवाखान्यात न्यायचे होते. त्यांची सून व्हीलचेअर डिकीत ठेवत असताना काठी निसटली आणि झाकण तिच्या खांद्यावर आदळले. "काही नाही फादर, सवय आहे," एवढेच ती म्हणाली. मला फार लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी मी गाडी गॅरेजमध्ये नेली.

सेमिनरीत कार्यकारणभावावर मी पानेच्या पाने लिहिली होती, पण या दुखण्याचे कारण मेकॅनिकने दोन मिनिटांत सांगितले. झाकणाला दोन्ही बाजूंनी एकेक गॅसचा दांडा असतो. त्याच्या बंद नळीत नायट्रोजन वायू मोठ्या दाबाने भरलेला असतो. तोच झाकण वर उचलून धरतो. वापराने आतले रबरी सील झिजते आणि वायू थोडा थोडा निघून जातो. त्याचा आवाज होत नाही. बाहेरून दांडा चकचकीतच दिसतो. थंडीत वायूचा दाब आणखी कमी होतो, म्हणून झाकण लवकर पडते. असा दांडा उघडायचा, भोक पाडायचा किंवा तापवायचा नसतो, तो बदलायचाच.

त्याने आधी झाकणाला भक्कम टेकू दिला, मगच स्क्रू-ड्रायव्हरने क्लिपा सोडवल्या. नवे दांडे लावताना झाकण बंद असताना बारीक टोक खाली राहील असे लावले, म्हणजे आतल्या तेलाने सील ओले राहते. मी म्हटले, "एक अजून बरा दिसतो, एकच बदलू या." तो म्हणाला, "फादर, जोडीच बदला. एकाच बाजूवर भार आला तर झाकण वाकडे होते, आणि तोही दांडा लवकर जातो."

मला मोशेची आठवण झाली. अमालेकी लोकांशी लढाई चालू असताना त्याचे हात वर असेपर्यंत इस्राएलची सरशी होत असे. हात थकले तेव्हा त्याला दगडावर बसवून अहरोन आणि हूर यांनी एकेका बाजूने त्याचे हात सूर्यास्तापर्यंत धरून ठेवले (निर्गम १७). एवढा मोठा देवाचा माणूस, पण त्यालाही दोन्ही बाजूंनी आधार लागला.

आपल्या धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेल्या माणसांची आपण चौकशी करतो. पण त्यांना उचलणाऱ्या हातांची कोण करतो? चार भावंडांपैकी एकटीच बहीण आईचे सारे करते. एकच सून रात्र रात्र जागते. ती हसतमुख दिसते, म्हणून बाकीचे निर्धास्त असतात. आतला जोर किती उरला आहे, हे कुणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते. तिच्या हाती मी झाडूची काठी दिली होती.

आता दर बुधवारी दुपारी दोन तास मी त्या आजींजवळ बसतो, आणि सून झोपते. तुमच्या आळीतही असे एखादे घर असेल. या आठवड्यात तिथे जा, आणि दुसरी बाजू तुम्ही धरा.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू