उघडं दार

माझं शिक्षण दहावीपर्यंत. पुढं जे वाचलं ते मळ्यात, उसाला दारं धरताना. वाफा भरेस्तोवर दोन पानं होतात. पंडिता रमाबाईंचं चरित्र असंच वाचलं. आमचा तालुका दौंड; गुळाच्या निमित्तानं केडगावला खेपा व्हायच्या, मुक्ती मिशनचं आवार येताजाता दिसायचं. तिथल्या बाईंची हकिगत मात्र उशिरा कळली.

बाप अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्या काळी! तिनं लेकीला शिकवलं. म्हणजे रमाबाईंची आई अन् मास्तरीण एकच. पुढं दुष्काळात आई, बाप, थोरली बहीण गेली. मग भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला. पदरात राहिली तान्ही मनोरमा. १८८३ साली इंग्लंडात मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली बाईंनी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं.

शब्द दिला होता, सदनात कुठला धर्म शिकवणार नाही. मुलींना आपापले देव पुजायची मोकळीक होती. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थनेला बसत, अन् दार लावत नसत. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली पुण्यात गहजब झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाजूला झाली. कित्येक मुली पालकांनी काढून नेल्या.

आता मला पडलेला प्रश्न असा, की बाईंनी दार लावायला पाहिजे होतं का?

आमच्यात बांध कोरणाऱ्याला चोर म्हणतात. पण मी उसाला पाणी दिलं अन् त्याचा पाझर खालच्या वावरात उतरला, तर त्याला काय म्हणायचं? खालच्याच्या विहिरीला पाणी वाढलं तर तो काही बोलत नाही. रान चोपण झालं की मात्र भांडायला येतो, अन् त्याचं खोटं नसतं. पुण्याच्या त्या पालकांचंही मला खोटं वाटत नाही. लेक विश्वासानं धाडली होती.

पण माझी आई आठवते. अंगठेबहाद्दर, माळकरी. पहाटे जात्यावर बसली की मी तिच्या मांडीला डोकं लावून पडायचो. तिनं मला कधी म्हटलं नाही, देवाला मान. तरी तिचा विठोबा माझ्यात आलाच. तिला कुणी सांगितलं असतं, पोरासमोर तोंड मिटून दळ, तर ती दळली असती का? अन् घरानं टाकलेल्या, डोकं भादरलेल्या पोरींना मायेचं माणूस दिसल्यावर त्या तिच्या खोलीत शिरणार नाहीत तर काय करतील! मुद्दाम शिकवलेलं लेकरू विसरतं. आई एकटी असताना काय करते, ते ध्यानात राहतं. म्हणून माझं मत पडतं, दार उघडं ठेवलं ते बरोबर. खरं माणूस लपून प्रार्थना करत नाही.

केडगावचा प्रश्न याहून अवघड. १८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात फिरल्या, तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. इथं मळा केला, विहिरी पाडल्या, पोरींना विणकाम, छपाई शिकवली. आणि इथं ख्रिस्ताचं नाव उघड होतं, आडपडदा नव्हता. उपाशी पोर भाकरी देणाऱ्याच्या देवाला हो म्हणते, ते हो कितपत तिचं? याचं उत्तर मला आजही पुरतं देता येत नाही. एवढं दिसतं, की हा प्रश्न पोटभर जेवलेल्यांना आधी सुचतो. बाईंनी स्वतःच्या घरची माणसं भुकेनं जाताना पाहिली होती. तीनशे तोंडं घरी आणताना त्यांनी हिशेब कुठला मांडला असेल, ते भुकेलाच ठाऊक.

म्हातारपणी त्या हिब्रू अन् ग्रीकवरून बायबल मराठीत करत बसल्या होत्या, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा बोलीत. छापायला मिशनमधल्याच बायका. मनोरमा आईच्या हाताखाली तयार झालेली, पुढं सगळा कारभार तिनंच बघायचा असं ठरलेलं. १९२१ च्या जुलैत ती गेली. बाईंनी भाषांतराचं काम हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला डोळे मिटले.