पत्रिकेचा मसुदा

अंबरनाथ एमआयडीसीतील एका कारखान्याच्या गुणनियंत्रण विभागात नोकरी करणाऱ्या माझ्या पुतणीने, दुसरी पाळी आटोपून रात्री घरी आल्यावर, आपल्या लग्नाची पत्रिका आपणच करण्याचा जो बेत जाहीर केला, त्यास वडीलधाऱ्यांनी आधी कवडीचुंबकपणा म्हटले आणि मग खर्चाचा तपशील पाहून नाइलाजाने मंजुरी दिली. ए-४ कागदाचा ताव चौरस मीटरचा सोळावा हिस्सा असतो. म्हणजे २५० जीएसएमच्या जाड कागदाचा एक ताव साडेपंधरा ग्रॅमांचा, आणि तो मधोमध कापून केलेली एकपानी पत्रिका आठ ग्रॅमांच्या आत. एकशेवीस पत्रिकांना साठ ताव, नासाडीकरिता दहा अधिक. कागद उल्हासनगरच्या बाजारातून आणला आणि छपाई घरच्याच यंत्रावर झाली. एका संगणकावर ‘श्री’चे तीन तुकडे होऊन पडले, तेव्हा मजकुराची आधी पीडीएफ करून घ्यावी लागली, इतकीच काय ती अडचण.

परंतु खरी काटकसर कागदाची नव्हेच. गिरगावात खाडिलकर मार्गावरील दुकानांतून आपण जी पत्रिका निवडतो, तिचे मोल सोनेरी वर्ख, उठावाची नक्षी आणि आतल्या जास्तीच्या पानांत असते, हे खरे. तथापि ती पाने भरतात कशाने? नावांनी. निमंत्रक, व्यवस्थापक, समस्त परिवार आणि शेवटी, ज्यांना अद्याप वाचताही येत नाही अशा बालकांचे आग्रहाचे बोलावणे. एकही नाव गळले तर वर्षभराचा रुसवा. म्हणून पत्रिका फुगते आणि खर्चही फुगतो. अर्ध्या तावावर वाचता येतील अशा वीसएक ओळीच बसतात, हे ध्यानी आले की छापखान्याच्या तयार साच्याने आजवर आपल्या वतीने परस्पर घेतलेले निर्णय स्वतः घेण्याची जबाबदारी येऊन पडते.

त्यांतला पहिला निर्णय उपपदांचा. वर नुसता ‘चि.’, आणि वधू मात्र ‘चि. सौ. कां.’, म्हणजे सौभाग्याची आकांक्षा धरणारी. तिची ओळख तिच्या होऊ घातलेल्या अवस्थेवरून. ज्या आत्याने मुलीला लहानाची मोठी केली तिच्या नावामागे ‘गं. भा.’ लिहावे, की तिचे नावच वगळावे, असा प्रश्न घरात निघाला, तेव्हा पुतणीने सगळीच उपपदे काढून टाकली आणि आत्याचे नाव निमंत्रकांत पहिले घातले. माझ्या थोरल्या बंधूंना ते रुचले नाही; मला रुचले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३च्या डिसेंबरात पहिला विवाह अल्प खर्चात लावला, तेव्हाही वाचलेल्या पैशापेक्षा पुरोहितासारखा मध्यस्थ वगळणे हीच अधिक मोलाची गोष्ट होती.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा मोबाइलवर चित्र धाडले की काम भागते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. निरोप त्याने पोहोचतो, यात वाद नाही. पण अक्षता हातातल्या वस्तूवर ठेवतात. आणि पत्रिका ही शोभेची वस्तू असण्याआधी दस्तऐवज असते, हे आपण विसरतो. १९९८च्या राज्य कायद्यान्वये विवाहनोंदणी करू गेल्यास अर्जासोबत लग्नपत्रिका मागतात. मग लाडकी नावे, ‘गोरज मुहूर्तावर’ अशी मोघम वेळ, इसवी सनाचा पत्ता नसलेली नुसती तिथी, यांचा उपयोग काय? वधूवरांची पूर्ण नावे, आईवडिलांची नावे, तारीख, साल, स्थळ यांत काडीमात्र चूक नसावी. उर्वरित अलंकार ऐपतीप्रमाणे. आमच्या अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेखात मम्वाणी राजाचे नाव आणि शके ९८२ हा काळ कोरलेला आहे, म्हणूनच मंदिराचे वय आपण आजही ठामपणे सांगू शकतो.

पहिली पत्रिका त्याच शिवालयात ठेवली. लग्नानंतर दुसरी नोंदणीच्या अर्जास जोडली. तिच्या कोपऱ्यावर हळदीचे बोट जरा जाड उमटले होते, आणि लिपिकाने ते सालावर तर आलेले नाही ना, एवढेच चष्मा वर करून पाहिले.